सकाळची गोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बरोबरीच्या डॉक्टरांना तर नाहीच. एकदा सांगायला तोंड उघडलं, आणि — चहा घेणार का, असं विचारून मोकळी झाले.

मी मेंदूविकारांची डॉक्टर. कंपवाताचे रुग्ण कसे ओळखायचे, कसे सांभाळायचे, हे तरुण डॉक्टरांना शिकवते. आमच्या धाराशिवकडं हात थरथरला की लोक म्हातारपण म्हणून सोडून देतात. हा आजार जाणणारी माणसं इथंच तयार व्हावीत, असं मला मनापासून वाटायचं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या आड मी काय केलं?

खैरुनबी माझ्या रुग्ण, मुरुमच्या. बाजारात बायकांना बांगड्या भरायच्या. औषधानं त्यांची बोटं पुन्हा चालायला लागली होती, त्या दुकानात बसायला लागल्या होत्या. म्हणजे गोळी घेतलेल्या खैरुनबींकडं बघून माझ्या विद्यार्थ्यांना आजार नीट दिसलाच नसता. म्हणून लोहाऱ्याला विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या शिबिराच्या आदल्या दिवशी मी फोन केला — "खाला, उद्या सकाळची गोळी घेऊ नका. तपासणीला लागतं." कुणाच्या तपासणीला? ते मी सांगितलं नाही.

सुनेनं त्यांना जीपमधून जवळजवळ उचलूनच उतरवलं. विद्यार्थी भोवती उभे. मी त्यांना खुर्चीतून उठायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली, चालायला लावलं. दाराशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले. "बघा, हे पुस्तकातून कळत नाही," मी म्हणाले. माझ्या आवाजात उत्साह होता. हो — उत्साहच.

पदराच्या गाठीत त्यांनी गोळी बांधून आणली होती. गाठ काही सुटेना.

"बाई, खाऊ का आता?"

"दोन मिनिटं, खाला."

दोन मिनिटं कसली! बाहेर थांबलेली दुसरी तुकडी मी आत बोलावली. त्यांच्यासमोर पुन्हा चालताना खैरुनबींची साडी ओली झाली. त्यांनी मान खाली घातली. सून पटकन पुढं येऊन आडवी उभी राहिली.

तेव्हा अनुजा नावाची माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, गोळी कशासाठी थांबवली ते त्यांना माहीत होतं ना? विचारलं होतं ना?"

"अर्थात. सगळं समजावून, विचारूनच."

इतकं सहज कसं आलं ते तोंडातून? सगळे खैरुनबींकडं वळले. खैरुनबींनी माझ्याकडं पाहिलं. फोनवर काय बोलणं झालं, ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

"व्हय," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "इचारलं व्हतं बाईनं. म्याच व्हय म्हनलं. पोरं शिकाय आलीत न्हवं."

मग मी गाठ सोडली, गोळी दिली.

त्यानंतरही त्या तपासणीला येत राहिल्या. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं? की खरं बोललं तर डॉक्टरीण औषध द्यायची न्हाय, अशी भीती वाटली? मला माहीत नाही. विचारण्याचं धाडस झालं नाही. त्या गेल्याचं सुनेनं कळवलं, तेव्हा मी फोनवर चार शब्द बोलले, मुरुमला गेले नाही.

अनुजा आता स्वतः शिकवते. अलीकडंच तिनं मला तिच्या विद्यार्थ्यांसमोर बोलावलं. "रुग्णाला आधी विचारायचं, हे मी मॅडमकडून शिकले," असं म्हणून तिनं लोहाऱ्याची ती सकाळ सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले, हात जोडले, परत खाली बसले.

मी खैरुनबींना विचारलं नव्हतं.