पहिला चहा अडचणीला

'सगळं ठीक आहे' म्हटलं की नाना खुर्चीतून उठलेच म्हणून समजा. पाचोरा रस्त्यावर केळीचं शीतगृह बांधत होतो आम्ही. नाना साइटचे प्रमुख, मी नवी इंजिनिअर. "बठ्ठं ठीक शे म्हनतस, म्हंजे काहीतरी दडेल शे!" असं पुटपुटत ते भिंती, पाइप, वायरी तपासत सुटायचे. स्वतःला चैन नाही, आणि दुसऱ्याला मिळू द्यायची नाही.

रोज सकाळी गेटपाशी उभ्यानेच बैठक. किटलीतला पहिला कप अडचण सांगणाऱ्याला, मग तो गवंडी असो की वेल्डर. पण आमच्या कंपनीत अडचण सांगितली की शिव्या मिळायच्या, त्यामुळे सगळे 'होईल साहेब' म्हणण्यात पटाईत. किटली गार व्हायची. एक दिवस नानांनी स्वतःच कप उचलला. "दरवाजांची ऑर्डर द्यायची मीच विसरलो. आता बोला!" सगळे हसले, आणि मग हळूहळू तोंडं उघडली.

आमच्या मालकांचं, शेठचं मात्र निराळंच. केळीची कापणी तोंडावर आली तशी त्यांनी उद्घाटनाची आमंत्रणंही वाटून टाकली. इकडे गार हवेचं मशीन चाचणीतच मधूनमधून बंद पडत होतं. नाना मला घेऊन तडक शेठकडे गेले. "शेठ, इतक्यात नाही होणार. माल भरला तर नासेल."

"नाना, तुमचा आपला कायम नन्नाचा पाढा!"

आठवड्याभरात नानांच्या जागी दुसरा माणूस आला. जाताना नानांनी किटली माझ्या हातात दिली. "हाई थंडी होऊ देऊ नको, माय." मला रडूच फुटलं. ते पारोळ्याला आपल्या गावी निघून गेले.

फीत वेळेवर कापली गेली. पुढे भर उन्हात मशीन बंद पडलं आणि यावलच्या शेतकऱ्यांची केळी आतल्या आत काळी पडली. शेठ ज्याला त्याला विचारत होते, "मला कुणी सांगितलं कसं नाही?" अहो, सांगितलं होतं की!

आता धुळ्याची साइट माझ्याकडे आहे. आज सकाळी सगळे एका सुरात म्हणाले, "बठ्ठं ठीक शे, ताई." माझा जीव थाऱ्यावर राहीना. किटली हातात धरून नुसत्या येरझाऱ्या घालत होते. शेवटी इलेक्ट्रिशियन मान खाली घालून पुढे आला.

"ताई, एक अडचण शे."

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लगेच कप भरला. चहा अजून गरम होता.