हौसाबायच्या पिवळ्या चिंध्या

हौसा गेली तेव्हा मी साताऱ्यात होतो. मी जिवंत आहे हे सरकारला सांगायला गेलो होतो. पलटणीची पेन्शन खाणाऱ्या म्हाताऱ्यांना वर्षातून एकदा जाऊन तोंड दाखवावं लागतं. सांगलीतही हे काम होतं असं लोक सांगतात, पण माझं नाव पहिल्यापासून साताऱ्याच्या कागदात आहे आणि ते मी हलवणार नाही. निघताना हौसा तांदूळ निवडत होती. ताटातून मान वर न करता म्हणाली, "आवं, जिता हाय म्हणून सांगा, पर भांडून नका सांगू." मी भांडलोच. कारकुनानं अंगठा मागितला. तिसरी पास झालेला माणूस अंगठा देत नाही. अर्धा तास वाद घालून मी सही केली, जिंकून बाहेर आलो, तर माझा पुतण्या कचेरीच्या फाटकाशी उभा. "नाना, सांगलीला चला." "का रं?" "काकी..." एवढंच म्हणाला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. दुपारची जेवून आडवी झाली होती, ती उठलीच नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. नात म्हणाली, आज्जीवर पेपरच्या पुरवणीत लिहायचं, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, लढाईत बायकोला पत्रं मी स्वतः लिहिली, आता काय हात मोडलाय? हौसाला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं ती शेजारच्या मास्तरणीकडून वाचून घ्यायची. म्हणजे तिला लिहिलेलं सगळं आधी दुसऱ्याच कुणीतरी वाचलं. आजही तेच चाललंय, त्यात नवं काही नाही.

आमचं मूळ गाव सातारा तालुक्यातलं. लग्नानंतर मी सांगलीच्या हळद पेठेत हमाली करायला आलो. पेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आई, हौसा आणि आमची दोन लेकरं. मग लढाई सुरू झाली आणि मी भरती झालो. अडीच वर्षांनी पाय मोडून परत आलो. गोळी लागली असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ट्रक उलटला होता. पण कुणी गोळी समजून चाललं तर त्याला थांबवलंही नाही.

तो परत येण्याचा दिवस मला चांगला आठवतो. भर दुपार होती. मी खाकी कपडे घालून, ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन, काठी टेकत दारात उभा राहिलो. मनात होतं, आई भाकरतुकडा ओवाळील, हौसा रडेल. आत बघतो तर तुळईला चार झोळ्या लटकलेल्या, आणि जमिनीवर पोत्यावर पोरं पडलेली... एक, दोन, तीन... अकरा मोजली आणि माझा धीर सुटला. मी अडीच वर्षं बाहेर होतो! मी ओरडलो, "हौसे!" ती आतनं धावत आली. रडली नाही. तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू! आत्ता कुटं डोळा लागलाय." अडीच वर्षांनी बायकोच्या तोंडून ऐकलेला पहिला शब्द तो. मी लंगडत उंबऱ्याबाहेर जाऊन ट्रंकेवर बसलो. हमाल हसत होता.

पोरं कुणाची ते आईनं मला बाहेर येऊन सांगितलं. पेठेच्या वखारीत बाया हळकुंडं निवडायला जायच्या. तान्ही पोरं तिथंच रिकाम्या पोत्यांवर टाकायच्या, आणि मधनं बैलगाड्या ये-जा करायच्या. एकदा आमच्या गल्लीतल्या यशोदेचं पोर रांगत चाकापाशी गेलं. गाडीवानानं बैल ओढले म्हणून वाचलं. हौसा भाजी घेऊन येत होती. तिनं पोर उचललं आणि यशोदेला म्हणाली, "संध्याकाळी माझ्या घरनं घेऊन जा." दुसऱ्या दिवशी दोन आली, महिन्यात अकरा झाली. बाया सकाळी पोराबरोबर त्याची भाकरी आणि पसाभर जोंधळं द्यायच्या. माझा मनीऑर्डरीचा पैसा कधी यायचा, कधी दोन-दोन महिने अडकायचा. घर त्या जोंधळ्यावर चाललं होतं. आई म्हणाली, "माज्याच घरात मला पाय ठिवायला जागा न्हाई रं." पण हे बोलताना तिच्या मांडीवर दोन पोरं होती आणि तिसरं पाठीवर चढत होतं.

हौसाचा कारभार असा होता की मी पलटणीतही तसा पाहिला नाही. सकाळी बाया आल्या की संध्याकाळी शेवटचं पोर जाईपर्यंत ती कुणाचीच नसायची. आमची स्वतःची दोन लेकरंही दिवसा तिला आई म्हणत नसत. सगळ्या पोरांसारखं "हौसाबाय" म्हणायची, रांगेत बसायची, रांगेतच भाकरी खायची. आई म्हटलं की बाकीची अकरा रडायला लागतात, म्हणून. शेवटचं पोर गेलं की ती हातपाय धुऊन लुगडं बदलायची आणि मग आमच्या दोघांना हाक मारायची, "या रं, आता मी तुमची." तोवर ती दोघं कोपऱ्यात दबा धरून बसलेली असायची. पहिल्याच आठवड्यात मी दुपारी म्हटलं, "अगं, जरा चहा टाक." तर म्हणाली, "दिवसा मी कुणाची बायकू न्हाई. चहा पायजे तर रांगंत बसा." मी बसलो नाही. आठ दिवस दुपारचा चहा प्यालो नाही. नवव्या दिवशी रांगेच्या शेवटाला बसलो, पण तोंड भिंतीकडं करून.

मला हे सगळं सहन होत नव्हतं. पेठेतले माझे जुने गडी विचारायचे, "काय गड्या, बायकूनं शाळा काढली व्हय? आन् तू पयलीत का दुसरीत?" मी हौसाला सांगितलं, मी आता आलोय, हे बंद कर. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ही पोरं कुटं जातील?" मी म्हटलं, ते माझं काम नाही. ती म्हणाली, "मग तुमचं काम कंचं?" पाय मोडलेल्या हमालाला हा प्रश्न विचारू नये. मी मारुतीच्या देवळात जाऊन बसलो. वाटलं, बोलवायला येतील. जेवणवेळ टळली तरी कुणी आलं नाही. मीच उठून आलो.

आता माझ्या हातून काय झालं ते लिहितो. प्रत्येक पोराच्या मनगटाला हौसानं एक-एक चिंधी बांधलेली होती. त्या पोराच्या आईच्या जुन्या लुगड्याची. हळदीत काम करून करून बायांची लुगडी पिवळी आणि उग्र वासाची झालेली, तशाच त्या चिंध्या. पोरं त्या नाकाला लावून झोपायची, चोखायची, त्यालाच नाक पुसायची. एके दिवशी हौसा जोंधळं दळायला गिरणीवर गेली आणि घर आईवर आणि माझ्यावर सोपवून गेली. मला ती संधी वाटली. पलटणीत तपासणी असते तशी मी पोरांची तपासणी केली. कान, नखं आणि त्या चिंध्या. अशी चिंधी पलटणीत कुणाच्या अंगावर सापडली असती तर त्याला दिवसभर पळवला असता! मी अकराच्या अकरा सोडल्या, हंड्यात धुण्याचा सोडा टाकून चुलीवर उकळल्या, दगडावर आपटल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. बगळ्यासारख्या पांढऱ्या. आई म्हणाली, "हौसाला इचारलंस का?" मी म्हटलं, "चांगल्या कामाला काय इचारायचं?"

हौसा डोक्यावरचं पीठ उतरवायच्या आधीच दोरीपाशी गेली. एक चिंधी नाकाला लावली आणि तिथंच मटकन बसली.

"काय केलंसा ह्ये?"

"सोच्छ केलं."

"वास गेला की ओ!"

"मग? वास घालवायलाच तर धुतल्या."

ती रागावलीसुद्धा नाही. दुपार झाली आणि मला कळलं. एकही पोर झोपेना. चिंधी नाकाला लावायची, फेकून द्यायची आणि टाहो फोडायची. एक थांबलं की दुसरं, आणि मग सगळी एकदम. आमची दोघंही हौस म्हणून त्यात रडायला लागली. यशोदेचं पोर तर काळंनिळं झालं. तीन दिवस हे असं. शेजारची मास्तरीण कानात कापूस घालून बसली. दुसरी चिंधी मागावी तर लढाईच्या दिवसांत कापड कुठलं? बायांच्या अंगावर होतं तेच ठिगळाचं होतं, त्यातलं काय फाडणार? तिसऱ्या संध्याकाळी यशोदा म्हणाली, "अक्का, पोरगं रडून रडून निम्मं झालं. उद्यापासनं मी वखारीतच निते. माज्या नजरंम्होरं तरी ऱ्हाईल." तिचं बघून आणखी चार जणी तसंच म्हणाल्या.

पुढच्या दिवशी सहाच पोरं आली. ती रडतात म्हणून दुपारीच त्यांच्या आज्या येऊन घेऊन गेल्या. घर गप्प झालं. मला हवं होतं तसं. आणि हौसा हातपाय धुऊन, लुगडं बदलून, दिवसाढवळ्या चुलीपाशी बसली. आमच्या लेकरांना हाक मारली नाही, तरी ती जवळ गेली नाहीत. त्यांनाही कळेना, ही वेळ कुणाची. मला म्हणाली, "चहा टाकू का?" तो चहा मला गिळवला नाही. पेठेकडून गाड्यांचा आवाज येत होता. यशोदेचं पोर आत्ता कुठं रांगत असेल?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पोरांनी फेकलेल्या चिंध्या गोळा करून टॉवेलात बांधल्या आणि वखारीत गेलो. जिथं मी पूर्वी पाठीवर पोती वाहिली, तिथं मी आता खाकी सदरा घालून चिंध्यांचं गाठोडं घेऊन उभा. बाया ढिगाभोवती बसलेल्या. हौसाला त्या अक्का म्हणायच्या, म्हणून मी त्यांचा दाजी. मग काय विचारता! "दाजी, लुगडी इकायला आलासा व्हय?" "आगं, धुणं घिऊन आल्यात, त्यांस्नी पगार द्या!" मी म्हटलं, "ह्या हळदीत पुरायच्या हायत. वास लागला की निऊन परत बांधणार." मग एकेकीनं काठ बघून आपापली चिंधी ओळखून उचलली आणि हळदीच्या ढिगात खुपसली. यशोदेनं तिची दोनदा चोळली. मुकादम म्हणाला, चिंध्या ठेवून जायचं नाही, वखारीच्या मालात बाहेरचं काही राहिलं तर जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, मी राखत बसतो. लढाईत मी दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा दिलाय. तो पहारा यापेक्षा सोपा होता. तिथं कुणी हसत नव्हतं.

दुपारपर्यंत मी त्या धुरळ्यात बसलो. मांडीवर यशोदेचं पोर धरून, कारण ते सारखं गाड्यांकडे निघायचं. निघताना मुकादमानं माझी झडती घेतली. हळकुंड चोरलंय का म्हणून एकेक चिंधी झटकून बघितली. मी शांत राहिलो. आयुष्यात एकदाच राहिलो असेन. यशोदेला म्हटलं, "पोर मी घरी नेतो." तिनं माझ्याकडं बघितलं आणि दिलं.

घरी आलो तेव्हा उरलेली पोरं रडत होती. हौसानं माझ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालो होतो, मिशासुद्धा. मी चिंध्या सोडायला खाली बसलो, तर पोरं चिंध्यांकडं गेलीच नाहीत. माझ्याकडं आली. एक मांडीवर, एक दंडाला, एक पाठीला, यशोदेचं सदऱ्यात नाक खुपसून. आणि झोपली! पाय मोडलेला, अंगावर चार पोरं, मला हलता येईना. मी हळूच म्हटलं, "अगं, काढ की ह्यांस्नी." हौसा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमचं काम कंचं म्हून इचारलं हुतं मी. ह्ये बगा घावलं." आई भिंतीकडं तोंड करून हसत होती.

आठवड्यात अकरा परत आली, पुढं चौदा झाली. मी वखारीत पोती मोजायचं बसून करायचं काम धरलं आणि रोज दुपारी पिवळा होऊन घरी यायचो, तासभर पडून राहायला. गड्यांना सांगायचो, घरी तपासणी असते. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, तरी ते चालू होतं. चूक झाली असं मी हौसाला कधी म्हटलं नाही. तिनंही म्हणवून घेतलं नाही. आज लिहितो, चूक माझी होती. आई म्हणाली होती तसं हौसाला विचारायला पाहिजे होतं, ते मी विचारलं नाही.

पोरं मोठी झाली, बायांच्या सुना आल्या, पोरं सांभाळणं बंद झालं त्यालाही बरीच वर्षं झाली. पण एक खोड हौसाची सुटली नाही. पोरं दुपारी झोपेतनं उठून रांगत बाहेर जातात म्हणून ती दारात आडवी निजायची, उंबऱ्याला पाठ लावून. घरात एकही पोर नसताना पुढं चाळीस वर्षं ती तशीच निजली. मी खाट करून दिली, तिच्यावर तिनं वाळवण घातलं. दारातनं जायचं तर तिला ओलांडून जावं लागे, आणि माझा पाय हा असा. रोज भांडण. "आगं, माणसानं जायचं कुटनं?" "पाय उचला की." ती गेली तीही तिथंच, दारात आडवी.

आता दार मोकळं आहे. दुपारी मी बाहेर निघतो तेव्हा नात हसते, म्हणते, नाना, तिथं काही नाही, सरळ चाला की. मला दिसतंय तिथं काही नाही ते. पण पाय दुखला तरी मी तो वर उचलून, जपून, पलीकडं टाकतो.