बारावी काडी

बाबांनी चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. काम झालं की ते मेणबत्ती पेटवून चौकटीच्या चारही कडांवरून फिरवायचे. ज्योत हलली नाही तर काम पास. हलली तर फटी बुजवायच्या पुट्टीचा डबा पुन्हा उघडायचा, मग घरमालक "राहू द्या हो, चालेल" म्हणून कितीही विनवू दे. आमच्या स्वैपाकघराच्या खिडकीला मात्र बोटभर फट होती. ती पंधरा वर्षं येत्या रविवारी बुजणार होती. वारा आला की गॅस फडफडायचा आणि आई म्हणायची, "काचवाल्याच्या घरात वाराच मालक." दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे ओट्यापाशी होता.

गेल्या वर्षी आजी गेली आणि चार महिन्यांच्या आत मामाने तिचं घर विकलं. नव्या मालकाला फाटकापाशी गाडी लावायची होती, आणि तिथे आजीचा गुलाब होता. फिकट, जवळजवळ पांढरा, जातीचं नाव कुणालाच ठाऊक नाही. तो तोडायच्या आदल्या दिवशी आई एकटीच गेली आणि बारा काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. "एवढंच उरलं," म्हणाली. त्यानंतर तिचं बोलणंच आटलं. काही विचारलं की "दमले" एवढंच सांगायची.

थंडी तोंडावर आली होती. उघड्यावर काड्या तगल्या नसत्या. हात थरथरायला लागल्यापासून बाबा घरीच होते, त्यांना निमित्त मिळालं. काड्यांना ऊबदार आडोसा बघायला आम्ही रोपवाटिकेत गेलो. तिथल्या बाईंनी आधी चेन लावायचा प्लास्टिकचा तंबू दाखवला, मग पातळ फायबरची तयार खोली. बाबांनी दोन्हींना टिचक्या मारून बघितल्या. "हे पहिल्या वादळात शेजाऱ्यांकडे राहायला जाईल," ते म्हणाले. काचेचंच करायचं आणि आपणच करायचं, हे घरातून निघतानाच ठरलेलं होतं. बाईंना बिचाऱ्यांना ते माहीत नव्हतं.

"मग छपराला एक झडप ठेवा, काका," बाई म्हणाल्या. "ऊन असलं की दहाला उघडायची, चारला लावायची."

"झडप म्हणजे फटच की. फटी बुजवायला लोक मला बोलावतात, बाई."

लोकांनी काढून टाकलेल्या जुन्या खिडक्या आमच्या मागच्या पडवीत रचलेल्या होत्याच. त्यातूनच परसात नऊ दिवसांत काचघर उभं राहिलं. मी दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून यायची आणि मग बाबांच्या चौकटी धरून उभी राहायची. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. शेवटच्या दिवशी बाबांनी मेणबत्ती फिरवली. ज्योत ताठ. त्यांनी ती दोनदा फिरवली, दुसऱ्यांदा केवळ हौसेने.

फळीवर अकराच कुंड्या मावल्या. बारावी काडी आईने कान तुटलेल्या कपात लावली आणि स्वैपाकघराच्या खिडकीत, त्या फटीपाशी ठेवली. "ही आपली इथेच," म्हणाली.

तीन आठवडे आभाळ झाकलेलं होतं आणि सगळं छान चाललं होतं. काड्यांना लालसर कोंब आले. आई सकाळी काचघरात स्टूल टाकून बसायला लागली. एकदा तर मला हाक मारून म्हणाली, "आईकडे पहिलं फूल यायचं ना, तेव्हा ती कुणाला तोडू द्यायची नाही." किती दिवसांनी तिच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकलं होतं.

मग बाबांच्या हाताच्या तपासणीचा दिवस आला. आम्ही तिघंही गेलो. तिथे हीऽ रांग. बाहेर आलो तर आभाळ स्वच्छ, आणि ऊन असं की मी स्वेटर काढून हातावर घेतला. मला बरंच वाटलं. काचघराची आठवण तिघांतल्या एकालाही झाली नाही.

घरी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. काचा आतून पांढऱ्या झाल्या होत्या. बाबांनी दार ओढलं तशी वाफ तोंडावर आली. काड्या काळ्या पडल्या होत्या, कोंब उकडलेल्या पाल्यासारखे लोंबत होते. आईने एकेक काडी बोटांनी दाबून पाहिली, अकराच्या अकरा. मग "दमले मी," म्हणाली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मला बाबांचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "त्या बाईंनी सांगितलं होतं," मी म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले.

संध्याकाळी ते पुट्टीचा डबा घेऊन स्वैपाकघरात आले. पंधरा वर्षांचा तो रविवार अखेर उगवला होता. आई अंथरुणातून उठून आली.

"त्या फटीला हात लावायचा नाही."

"अगं, वारा लागेल रोपाला."

"वाऱ्यावर सोडलं म्हणूनच जगलंय ते."

बाबांनी डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ते काचघराच्या छपराची काच कापायला बसले. काच कापायचा हिरा धरलेला हात थरथरत होता. पहिली काच तडकली, दुसरीही. तिसरी मी दाबून धरली. चौथ्या दिवशी झडप बसली, खाली टेकू द्यायला एक काठी.

आणि मग बाबा ते रिकामं काचघर चालवायला लागले. रोज दहाला झडप उघडायची, चारला लावायची. ढग आले की मधेच अर्धी. ताप होता त्या दिवशीसुद्धा शाल गुंडाळून गेले.

"आत आहे काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"सवय लावतोय."

"कुणाला?"

"मला."

आई स्वैपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघायची. असे दोन महिने गेले. कपातल्या काडीने मूळ धरलं, आईने ती कुंडीत हलवली. पण त्या खिडकीत ऊन नावालाच. नवी फूट लांबलचक आणि पिवळट झाली, काचेकडे वाकायला लागली. तिथे ती फार दिवस टिकणार नाही हे आईला कळत होतं. रोज ती कुंडी उचलायची आणि परत तिथेच ठेवायची.

एका सकाळी मात्र ती कुंडी घेऊन परसात आली. बाबांनी नुकतीच झडप उघडली होती. आईने कुंडी मधल्या फळीवर ठेवली, पदरामागून मेणबत्ती काढली, पेटवली आणि झडपेखाली धरली. ज्योत लवलवत वर ओढली गेली. आईने ती फुंकली.

"दुपारी जरा पडेन म्हणते," ती म्हणाली. "किती दिवसांत धड झोपले नाही. चारला बघाल ना तुम्ही?"

"बघतो," बाबा म्हणाले.

त्या दिवशी आई साडेपाचपर्यंत झोपली. बाबा दहापासून चारपर्यंत स्टुलावरून उठले नाहीत. जेवणाचं ताट मी तिथेच नेऊन दिलं.