सोळा दात्यांचं चित्र

माझं लग्न ठरताना आमच्या आत्यानं मुलीकडच्यांना ठासून सांगितलं, की पोराची स्वतःची फटफटी आहे. ते अगदी खरं होतं. ती चालते का, हे कुणी विचारलं नाही, म्हणून आम्हीही सांगत बसलो नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी शिरूरला हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर होतो. फटफटी माझ्याकडं येईपर्यंत तिचे दोन मालक होऊन गेले होते, आणि दोघांनीही तिला हसतमुखानं निरोप दिला होता. लग्नानंतर दोन महिन्यांतच आषाढ लागला. पहिला आषाढ म्हणून रिवाजाप्रमाणे बायको माहेरी निघाली, दौंडला. सासरे रेल्वेत फिटर, राहायला रेल्वेचे क्वार्टर्स. एस्टी सुटता सुटता ती खिडकीतून म्हणाली, "श्रावण लागला की न्यायला या. पण फटफटीवरनंच या. मी सगळ्या लायनीला सांगणार आहे."

मी छाती काढून हो म्हटलं आणि त्याच आठवड्यात फटफटीनं दगा दिला. जरा चढ लागला की चेन कडाकडा वाजून घसरायची. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागच्या जागी. शिरूरच्या मिस्त्रीनं उघडून पाहिलं. इंजिनाजवळचं छोटं दातेरी चक्र, ज्याच्यावर चेन फिरते, ते पार झिजलं होतं. तो म्हणाला, नवं दौंडच्या दुकानात मिळेल, हे जुनं नमुना म्हणून घेऊन जा. तेव्हा तीच रीत होती. पार्टचं नाव गिऱ्हाइकाला माहीत नसायचं. जुना पार्ट काउंटरवर आदळायचा, दुकानदारानं नवा त्याच्यावर ठेवून ताडून बघायचा, की झालं.

पण ते ग्रीसनं माखलेलं काळं लोखंड माझ्या खादीच्या झोळीत घालायला मन होईना. शिवाय मी कलावंत पडलो. मी चक्राचं चित्र काढलं. कंपासनं वर्तुळ मारलं, त्याचे दोन भाग केले, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, आणि प्रत्येक भागावर एक टोकदार दाता बसवला. मधल्या भोकाला अशी छटा दिली की बोट आत घालावंसं वाटावं. खाली उजव्या कोपऱ्यात लफ्फेदार सही. मिस्त्रीनं चित्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि जुनं चक्र मुकाट्यानं फळीवर ठेवून दिलं.

दुकान दौंडच्या स्टेशन रस्त्यावर होतं. पुढं काचेचा काउंटर, मागं छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके आणि दोहोंच्या मध्ये घाई हा शब्द कधी न ऐकलेले शेठ. त्यांनी चित्र दोन्ही हातांत धरलं, लांब धरलं, जवळ धरलं. "मास्तर, आजवर या काउंटरवर असलं काय आलं न्हाई," म्हणाले. ते हळुवारपणे काचेखाली सरकवलं आणि पुण्याला लिहितो, पुढच्या ऐतवारी या, असं सांगितलं.

पुढच्या ऐतवारी दुकान बंद. शेजारच्या न्हाव्यानं सांगितलं, शेठ मेव्हण्याला गाडीत बसवून द्यायला स्टेशनात गेलेत. गाडी लेट असेल तेवढे शेठ लेट. गाडी फारच लेट होती. त्याच्या पुढच्या खेपेला शेठ होते, चक्र नव्हतं. त्यांनी माझ्या हातात क्लचची वायर ठेवली. मला वायर नको होती. ते म्हणाले, आज नको, पण कवातरी तुटणारच की. चौथ्या खेपेला चहा पाजला आणि चित्रातल्या छटा कशा जमवल्या ते विचारलं. मी खुळा अर्धा तास समजावत बसलो, आणि चक्राचं विचारायचं राहिलं ते एस्टीत बसल्यावर आठवलं.

खरी पंचाईत वेगळीच होती. दौंड ही सासुरवाडी. फटफटीशिवाय तिथं तोंड कसं दाखवणार? म्हणून मी डोक्याला टॉवेल गुंडाळून, भरून आलेल्या आभाळात काळा चष्मा लावून, भिंतीकडेनं दुकानात जायचो. पाच मिनिटांवर सासूबाई पुरणपोळ्या करत असतील, आणि जावई स्टँडवर गार भजी खाऊन परत शिरूरला. बायकोचं पत्र आलं: श्रावण लागून आठ दिवस झाले, शेजारच्या मावशी रोज विचारतात, फटफटी कुठवर आली? मी उत्तरात वाटेवरच्या न्हावऱ्यापर्यंत आली असं लिहिलं आणि फाडून टाकलं.

पाचव्या ऐतवारी आज भांडायचंच असं ठरवून मी दुकानात शिरलो. चष्म्यातून अंधारच दिसत होता. काउंटरवर हात आपटून म्हणालो, "शेठ, तुमच्या पायी माझा संसार मोडायची वेळ आलीय."

"असं का?" बाईचा आवाज आला. मी चष्मा काढला. शेठच्या स्टुलावर माझी बायको बसली होती. शेजारी सासरे उभे, आणि शेठ कोपऱ्यात अपराधी चेहऱ्यानं खोके पुसत होते.

झालं असं होतं, की आदल्या दिवशी सासरे सायकलचा वॉल्व घ्यायला दुकानात आले. काचेखाली त्यांना चित्र दिसलं, आणि चित्राखाली सही. तीच सही त्यांच्या बैठकीतल्या गणपतीखाली होती. लग्नात मीच काढून दिला होता. टॉवेलवाल्या मास्तराचं सगळं पुराण शेठनी हौसेनं सांगितलं.

"दाते किती काढलेत?" बायकोनं विचारलं.

"सोळा."

"आणि गाडीला किती आहेत?"

मी शेठकडं पाहिलं. दाते कुणी मोजलेत? सासरे शांतपणे म्हणाले, "पंधरा. पुण्याचं पत्र येऊन तीन आठवडे झालेत. सोळाचं चक्र या गाडीला बनतच नाही. पंधराचं इथंच, यांच्या मागच्या खोक्यात पडलंय."

"मग बोलला का नाहीत?" मी शेठना म्हटलं.

शेठ कधी नव्हे ते गडबडले. "येवढं देखणं चित्र चुकीचं आसंल आसं वाटलंच न्हाई. म्हटलं पुणंवाल्यांचंच चुकलं."

बायको इतकी हसली की स्टूल डुगडुगलं. मग सासरे, मग शेठ, आणि शेवटी नाइलाजानं मीही. सासूबाईंच्या पुरणपोळ्या त्या दिवशी पदरात पडल्या, पण बायको काही बरोबर आली नाही. अट म्हणजे अट.

पुढच्या ऐतवारी न्हावरा, चौफुला, पाटस करत फटफटी न घसरता दौंडात शिरली. क्वार्टर्सची सगळी लाइन ओट्यांवर उभी होती. शेजारच्या मावशींनी फटफटीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. बायको पदर खोचून मागं बसली, आणि मी गरज नसताना तीनदा हॉर्न दिला.

निघताना शेठच्या दुकानापाशी थांबलो. त्यांच्यासाठी पाटी रंगवून आणली होती: मोठं दातेरी चक्र, लाल रंगात. या वेळी कोनमापक घेऊन चोवीस-चोवीस अंशांवर दाते बसवले होते. शेठ खूश झाले, म्हणाले पुढच्या ऐतवारी लावतो. बायकोनं मागं बसल्या बसल्याच दाते मोजले आणि माझ्या पाठीवर बोटानं टिचकी मारली.

"पंधरा आहेत. चला आता."