पाचवं-सहावं अक्षर

बँकेतल्या त्या बाबूचा मला कायम संशय यायचा. परदेशात पैसे पाठवायचा अर्ज दिला, की तिकडच्या बँकेचा कोड तो मोठ्याने वाचायचा, “बी बाभुळगावचा, डी ढाणकीचा, झेड झरीचा,” आणि खिशातल्या डायरीत उतरवून घ्यायचा. कशाला, ते कधी सांगायचा नाही.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षी लंडनचा एक व्यापारी माझ्या जिनिंगच्या गाठी घ्यायला तयार झाला. आधी तपासणीची फी पाठवा म्हणाला. बाबूने कोड वाचला, डायरी चाळली आणि अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

“लंडनचा हाय म्हंता ना, भाऊ? कोडातलं पाचवं-सहावं अक्षर देशाचं रायते. हा देश तर भलताच हाय. इचारा त्याले.”

मनात म्हटलं, याले कमिशन पाहिजे असंल. तरी घरी येऊन व्यापाऱ्याला फोन लावला. प्रश्न ऐकताच त्याने फोन ठेवला, तो पुन्हा कधी उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन बँकेत गेलो. बाबूने पुड्याला हातही लावला नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, “पेढे कायले आणले? काय काम करून घ्याचं हाय?”