सोनेरी दात

मी तशी उतावळ्या जिभेची. "बसेल ना, न बसायला काय झालं?" असं मालकांना सांगून मोकळी झाले, तेही मशीनचं झाकण न उघडता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि शिकवणारी मी एकटी. मशीन जुनं, नुसत्या फ्लॉपीवर चालणारं. नवं घेण्यापेक्षा त्यातच हार्ड डिस्कचं कार्ड बसवू, ही अक्कल माझीच.

मालक मूळचे नरखेडकडचे, संत्र्याच्या बागेत वाढलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "कलम करताना जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा धरते, पण खुंट आधी पाहून घ्यावा लागते. पाहिला ना?"

"पाहिला," मी म्हणाले. धडधडीत खोटं!

कार्ड मुंबईहून निघालं आणि मागोमाग तिथल्या मैत्रिणीचं पत्र आलं. मशीन फार जुनं असलं तर असलं कार्ड ते ओळखतच नाही, आधी खात्री कर, मग मागव. पत्र पर्समध्ये कोंबलं. घरी बाबांनी बजावलं होतं, ही नोकरी आहे तोवर लग्नाचं नाव काढणार नाही. सुटली की आलेल्या स्थळाला होकार द्यायचा. आणि स्थळ तर दारात येऊन बसलेलं होतं.

कार्ड हाती पडलं ते खंडेनवमीला. दुकानातले गज, कात्र्या पूजेला मांडल्या होत्या. मालकांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, कार्डही पिशवीतून काढून पाटावर ठेवलं. त्याच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, तीच मशीनच्या खाचेत बसते. "सोन्याचे दिसून राहिले वं!" म्हणत काकूंनी ओल्या कुंकवाचं बोट त्या दातांवरून फिरवलं. मी समोरच उभी होते, पण जीव सगळा त्या पत्रात अडकलेला.

दसऱ्याला मुहूर्तावर कार्ड बसवलं. सगळं दुकान माडीवर गोळा झालं. बटण दाबलं, आणि मशीनला कार्डाचा पत्ताच नाही. दोनदा, तीनदा केलं.

"धरला नाही वाटते डोळा," मालक हळूच म्हणाले. "जाऊ दे. दिवाळीनंतर हे इकून टाकू. क्लासचं बी मंग पाहू."

सगळे खाली सोनं वाटायला गेले. मला रडू फुटलं. परत पाठवायचं म्हणून कार्ड उपसलं, तर दातांच्या फटीफटीत लाल सुकलेलं! अगं बाई, हे तर माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं! पर्समधलं खोडरबर काढून एकेक दात घासला, फुंकला, पुन्हा घासला. कार्ड परत खाचेत बसवून बटण दाबलं. देवा, एवढं चालू दे, पुन्हा न बघता 'पाहिला' म्हणणार नाही.

चाललं.

माझी हाक ऐकून काकू धापा टाकत वर आल्या. पडदा पाहिला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "पाह्य वं! उशिरा का होईना, पूजेचा गुण आला ना?"

लाल झालेलं खोडरबर मी मुठीत घट्ट आवळलं आणि म्हणाले, "हो काकू, पूजेचाच."