साठाला तीन कमी

मामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा डावा हात वर होता. उजव्या कानाला फोन आणि डावा हात वर, शाळेत बाईंकडे पाणी प्यायला सुट्टी मागणाऱ्या पोरासारखा. मी नोकरीवर रुजू झाले तो पहिला दिवस. मला वाटलं, यांना काहीतरी हवंय, म्हणून मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला. त्यांनी ग्लासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात तसाच ठेवून मानेनंच सांगितलं की शेजारचा वाजणारा फोन उचल.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. बाराशे इमारती, आणि तक्रारी घ्यायला आम्ही नऊ जण. दार लागत नाही, दिवा गेला, खालून कुरकुर आवाज येतो, असल्या तक्रारी दिवसभर. पण दिवसातून पाच-सहा फोन असे यायचे की माणूस आतच अडकलेला असायचा. नियमावलीत लिहिलं होतं: पत्ता घ्या, मेकॅनिकला कळवा, 'मदत निघाली आहे' असं सांगा आणि फोन ठेवा. मामा फोन ठेवायचे नाहीत. मेकॅनिक पोचून दार उघडेपर्यंत ते बोलत राहायचे, मग वीस मिनिटं लागोत की पाऊण तास. वर गेलेल्या हाताचा अर्थ एवढाच होता की माझ्याकडे आत अडकलेलं माणूस आहे, माझे बाकीचे फोन तुम्ही घ्या. हा नियम कुणी केला नव्हता. हात वर गेला की आजूबाजूचे दोघंतिघं आपसूक त्यांच्या टेबलाकडे वळायचे. कुरकुरायचे, पण वळायचे.

ते ऑफिसात कुणाचेच मामा नव्हते, पण आम्हा सगळ्यांना त्यांनी भाचरं करून ठेवलं होतं. मला काम त्यांनीच शिकवलं. "घाबरलेल्या माणसाला घाबरू नका असं कधी म्हणायचं नाही," ते म्हणायचे. "त्यानं तो जास्त घाबरतो. त्याला काहीतरी काम द्यायचं. बटणं किती आहेत ते मोजायला सांग. पाटीवरचा नंबर वाचून दाखव म्हण. पिशवीत काय काय आणलंय ते विचार." एकदा एका बाईंकडून त्यांनी फोनवर अख्खी भाजीची पिशवी मोजून घेतली होती. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, एक लिंबू कमी भरलंय, दुकानात परत जाते.

अशी चौदा वर्षं गेली. मग कंपनीनं ऑफिसची जागा सोडली आणि आम्हाला आपापल्या घरी बसवलं. प्रत्येकाला एक खोकं आलं: लॅपटॉप, हेडफोन, वायरी. सोबत पत्र. तीन महिने परीक्षेचे. घरून काम करायला लागणारी दहा कौशल्यं, प्रत्येकाला दहा गुण, शंभरपैकी साठ मिळाले तर नोकरी राहणार. स्वयंशिस्त, वेळेचं नियोजन, लेखी संवाद, स्वावलंबन, सहकार्य, अशी ती यादी होती. साठाच्या खाली येणाऱ्यांची 'वेगळी सोय' लावली जाईल असं शेवटच्या ओळीत होतं. त्या सोयीचा अर्थ कुणाला विचारायची गरज पडली नाही. त्याच पत्रात मला विभागप्रमुख केलं होतं. म्हणजे मामांचे गुण मी भरून पाठवायचे; फोनच्या आकड्यांवरून ठरणारे तेवढे कंपनीचं यंत्र भरणार. काय म्हणावं याला? ज्यानं हाताला धरून चालायला शिकवलं, त्याच्या चालण्याला मी मार्क देणार.

मामांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. "ही दोन काढायचीत गं," ते मला म्हणाले. "मला दुसरं काही येत नाही. आणि घरात नुसता बसलो तर तुझी मामी मला माळ्यावर टाकून देईल."

पहिल्या महिन्यात त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. नेटवर्क फक्त झोपायच्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत यायचं, तिथे त्यांनी शिवणाच्या मशीनवर लॅपटॉप मांडला. मशीनचं पायडल पायाखाली, त्यामुळे बोलता बोलता पाय हलायचा आणि माझ्या कानात खडखड. आवाज बंद ठेवून दहा दहा मिनिटं बोलायचे आणि मग म्हणायचे, आज कुणी उत्तरच देत नाही. पासवर्ड दर आठवड्याला विसरायचे. प्रत्येक फोननंतर चार ओळींची नोंद लिहायची असते. मामांची नोंद असायची: 'बाई आता ठीक आहेत.'

मी ओरडले. "मामा, कुठली बाई? कुठली लिफ्ट? कितव्या मजल्यावर? बिघाड काय?"

"ते मेकॅनिकला सांगितलं की."

"पण लिहिलंत कुठे?"

"त्याला सांगितल्यावर परत लिहायचं कुणासाठी?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण सोडलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास त्यांना फोनवर शिकवायचे, आणि खोटं कशाला बोलू, चिडून चिडून शिकवायचे. 'अहो, ते नाही, त्याच्या शेजारचं' हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा म्हटलं की माझी मुलगी मला तेच म्हणून चिडवायला लागली. मामांनी एकदाही आवाज चढवला नाही. एक वही केली, तिच्यात प्रत्येक गोष्ट चित्र काढून लिहून घेतली. दोन बोटांनी टाइप करत करत दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्यांच्या नोंदी आमच्यातल्या तरुण पोरांपेक्षा नेटक्या झाल्या. मला फार बरं वाटलं. लेखी संवादाचे मी त्यांना आठ दिले आणि ते आठही त्यांच्या हक्काचे होते.

एकच गोष्ट जाईना. एकदा मामींचा फोन आला. "अगं, हे खोलीत एकटेच हात वर करून बसतात. काय हवंय विचारलं तर डोळे वटारतात." मी खो खो हसले, मामीही हसल्या. मग मी स्क्रीनवर त्यांचे आकडे पाहिले आणि हसू जिरलं. एका फोनला चार मिनिटं असा हिशोब ठरलेला. मामांची सरासरी नऊ होती. ते आत अडकलेल्या माणसाशी बोलत असताना मागे दुसऱ्यांचे फोन रांगेत ताटकळायचे आणि तुटायचे. भिंतीसमोर वर केलेला हात कुणाला दिसणार?

त्याची सोय यंत्रात होती. मी त्यांना 'मदत' नावाचं बटण दाखवलं. ते दाबलं की आम्हा सगळ्यांच्या स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे पिवळा दिवा लागायचा, आणि कुणीही त्यांचे ताटकळलेले फोन स्वतःकडे ओढून घेऊ शकायचं. मामांनी वहीत पिवळा खडू लावून ते लिहून घेतलं. दोन दिवस न चुकता सराव केला. हात वर करायची सवय मोडली, बटण दाबायची लागली. छप्पन्नाव्या वर्षी माणूस याहून अधिक काय शिकणार?

सुरुवातीला आम्ही त्यांचे फोन ओढून घ्यायचो. मग एकेकाच्या लक्षात आलं की ओढून घेतलेला फोन आपल्या खात्यावर पडतो. तो लांबला तर आपली सरासरी बिघडते, आणि साठ गुण आपल्यालाही हवेच असतात. ऑफिसात फोन उचलला नाही तर मामांचा हात डोळ्यांसमोर राहायचा आणि सात जण आपल्याकडे बघायचे. घरी काय, पिवळा दिवा लुकलुकत असला तरी उठून चहा टाकता येतो. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा कुणीतरी घेईल. मलाही वाटायचं. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही, मीही तीच.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, विभागप्रमुखांसाठी प्रशिक्षण होतं. विषय: दूर राहूनही एकत्र कसं राहावं. कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. शिकवणाऱ्या बाई मोठ्या गोड होत्या. त्यांनी आम्हाला सांगितलं, चमूत विश्वास राहावा म्हणून लागणाऱ्या तीन गोष्टी लिहा. मी लिहायला लागले आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात मामांच्या नावापुढे पिवळा दिवा लागला.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. एक बाई आणि तिची चार वर्षांची मुलगी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या, मेकॅनिक गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त दिवा दिसत होता. फोन ओढून घ्यायला मी हात हलवला असता तर कॅमेऱ्यात दिसलं असतं. वाटलं, घेईल कुणीतरी. दहा मिनिटांनी पाहिलं, दिवा होताच. वीस मिनिटांनीही होता. मी दुसरी गोष्ट लिहिली: 'एकमेकांच्या अडचणीची जाणीव.' शिकवणाऱ्या बाईंनी ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि माझं कौतुक केलं. मी हसून मान डोलावली.

तेवढ्या वेळात मामांच्या रांगेतले चार फोन तुटले. त्यातला एक दुसऱ्या इमारतीत अडकलेल्या माणसाचा होता. त्यानं तीनदा लावून पाहिला, मग आतून दारावर धपाधप मारत राहिला. पन्नास मिनिटांनी वॉचमननं किल्ली शोधून दार उघडलं. त्याला काही झालं नाही, पण त्यानं दोन पानी तक्रार लिहिली, आणि फोन मामांच्या रांगेत होता म्हणून तक्रारीत नाव मामांचं आलं.

मी दुपारी त्यांना फोन केला.

"मी बटण दाबलं होतं गं," ते म्हणाले.

"हो मामा. दिसलं मला."

"दिसलं?" त्यांनी एवढंच विचारलं. मग म्हणाले, "मग ठीक. मला वाटलं, माझंच दाबायला चुकलं."

ते शिव्या देते तर बरं झालं असतं. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

बारा आठवडे संपले. यंत्रानं बेरीज केली: सत्तावन्न. मी खाली उकलून पाहिलं. वेळेच्या नियोजनाचे गुण गेले, हे समजू शकत होते. पण स्वावलंबनाचेही गेले होते, कारण मामांनी एक्केचाळीस वेळा 'मदत' दाबली होती. यंत्राच्या मते मदत मागणारा माणूस स्वतःच्या पायावर उभा नसतो. ते बटण दाबायला मीच शिकवलं होतं. मामांना मी शिकवलं ते काय, तर हात दाखवून अवलक्षण!

माझ्या हातात प्रमुखाचे म्हणून पाच जादा गुण होते. मी पाचही दिले. बासष्ट झाले. कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं: 'अडकलेल्या माणसाला एकटं सोडत नाहीत.' दुसऱ्या दिवशी ते वरून परत आलं. उत्तर होतं की सरासरी वाढण्याचं कारणच हे आहे, तरी दहा कौशल्यांशी संबंधित दुसरं कारण द्यावं. मी मग खरं काय ते लिहिलं. पिवळा दिवा मला दिसत होता, मी फोन घेतला नाही, चूक माझी आहे. तेही परत आलं. माझ्या सहकार्याच्या गुणांचा पुढल्या तिमाहीत विचार होईल, परंतु मामांचे गुण मामांच्याच नोंदींवरून ठरतील.

शेवटी मोठ्या साहेबांना फोन लावला. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणासाठी तरी गयावया केली. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, तो माणूस मला माहीत नाही का? मलाही वाईट वाटतंय. पण मलाही वरून कुणीतरी मार्क देतंच ना." त्यांनी सांगितलं, पत्र शुक्रवारी पाचला ईमेलनं जाईल, त्याआधी तुम्ही त्यांना तोंडी सांगून ठेवा, ते बरं दिसेल.

शुक्रवारी सकाळपासून मी फोनकडे बघत होते. साडेचार झाले तेव्हा लावला. मामींनी उचलला.

"मामी, मामा आहेत का?"

"आहेत की. आत बसलेत टाइपिंग करत. पुढल्या महिन्यात वेग वाढवायचा म्हणतात. शेजारणीच्या मुलीकडून पुस्तक मागून आणलंय, आता सगळी बोटं वापरायची म्हणे." त्या हसल्या. "थांब हं, देते."

"नको, मामी. राहू दे."

"अगं, बोल की. तुझा फोन आला की खूश असतात ते."

"नको. त्यांना फक्त सांगा, पाच वाजता ईमेल बघा म्हणून."

मग मामींनी हळू आवाजात विचारलं, "वाईट काही नाही ना गं?"

मी "नाही" म्हटलं आणि फोन ठेवला.